माप कुणाच्या छातीचं

तुमच्या फोटोत माझ्या सुनेचं हृदय मापात होतं आणि दुसऱ्या दिवशी ती गेली, हे आधी सांगते. नमस्कार मागाहून.

फोटो बघणाऱ्या डॉक्टरसाहेबांना, नमस्कार.

गेल्या वर्षी माझ्या लेकाच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली. तुम्ही त्याला मशीनमध्ये घातलंत, हृदयाची उजवी बाजू फुगलेली दिसली म्हणून आयसीयूत ठेवलंत. तो जगला, अजून माझं डोकं खातो. यंदा तसलीच गुठळी सुनेला झाली. तुम्ही म्हणालात, "आजी, हृदय मापात आहे. साध्या वॉर्डात चालेल." ती धापा टाकत मला म्हणाली, "आई, भांडी तशीच ठेवा, मी येते घासायला." मी ठेवली तशीच, वेडी.

मी दुसरी नापास. एवढंच विचारते, ते माप पुरुषाचं की बाईचं? लेकाच्या मापाचा कोट मला घातला, तर मी आत फुगले काय नि सुकले काय, कुणाला कळणार? सिस्टरला विचारलं तर म्हणाली, "सगळ्यांना एकच माप असतं, आजी."

आज त्याच सुनेच्या पोरीचा पाय सुजलाय, दम लागतोय. आत्ता तिला तुमच्या मशीनकडे नेलंय, मी बाहेर बाकावर बसून लिहितेय. तिचा जीव तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र देत नाही, पिशवीत ठेवते. ती चालत घरी आली तर फाडून टाकीन. नाही आली तर घेऊन येईन, आणि उत्तर तुम्ही द्यायचं. सिस्टरला पुढे करायचं नाही.

बाकावरची आजी