आबा असताना

१० डिसेंबर, बुधवार. नाशिक
दुपारी पोचलो. पंचवटीत लॉज. गरम पाणी चोवीस तास म्हणाले होते, येत नाही. सुनंदा निघताना म्हणाली, "दाढी करायला साताऱ्याहून नाशिकला जाणारा नवरा मलाच मिळायचा होता." बरोबर आहे तिचं. पण आमच्या दाढी करण्याच्या शौकिनांच्या ग्रुपवर सगळे सांगतात, गोदाघाटावर रंगनाथ म्हणून आहेत, अजून खरा वस्तरा वापरतात. अर्धं ब्लेड मोडून घालायचा नव्हे, चामडी पट्ट्यावर धार लावायचा. शाळेला चार दिवस रजा टाकली.
संध्याकाळी भांडी बाजारात पितळी वाटी घेतली, साबण फेसायला. जड, छान. आबांना फोन केला. "घरात वाट्या कमी पडल्या का?" वडिलांचं नेहमीचंच. खोकत होते.

११ डिसेंबर, गुरुवार
सकाळी नऊनंतर घाटावर. अंघोळ करून, खांद्यावर माझा पांढरा पंचा, हातात माझा ब्रश. रंगनाथ सत्तरीचे. ते बोलले नाहीत, मीही नाही. मला टक्कल, म्हणजे डोक्याचा प्रश्नच नव्हता. डोळे मिटून घेतले. गरम फेस, वस्तऱ्याची बारीक खरखर. इतकं सुख वाटलं की झोपच यायची. मग वरचा ओठ गार पडला.
डोळे उघडले तर डावी मिशी गेलेली.
"अहो, मिशी कशाला काढली?"
"दहाव्याला आलाय ना तुम्ही?"
"नाही हो. वडील आहेत माझे."
त्यांनी वस्तरा खाली ठेवला. म्हणाले, "चाळीस वर्षं झाली पाहुणे, जित्या बापाच्या पोराची मिशी कधी काढली नाय मी."
त्यांचं काय चुकलं? त्या घाटावर पंचा घेऊन गप्प बसलेला माणूस कुणाचं तरी करायलाच आलेला असतो. मी एक शब्द बोललो असतो तर. एकोणिसाव्या वर्षी आबांनी सांगितलं होतं, "दाढीचं काय ते कर. मिशी मी गेल्यावर." पस्तीस वर्षं पाळलं.
अर्धी ठेवून रस्त्यानं जाता येईना. त्यांचा हात उठेना. उरलेली मीच काढली. माझ्या हातानं. हे कुणाला सांगणार नाही.
रंगनाथनी माझा नंबर घेतला. "वडील बरे हायेत येवढं कळवा फक्त."

त्याच दिवशी, दुपारी
सुनंदाचा फोन. अंघोळ करून येताना आबांना चक्कर आली, दवाखान्यात ठेवलंय. किती वाजता? साडेनऊच्या सुमारास.
साडेनऊ.

१२ डिसेंबर, शुक्रवार. एसटीत
काल रात्रीची गाडी मिळाली नाही, पहाटेची धरली. मी विज्ञान शिकवतो. असल्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसतो हे फळ्यावर लिहून दाखवलंय पोरांना. आज स्वतःला दहा वेळा सांगितलं, पटत नाही. संगमनेरला गाडी थांबली, चहासुद्धा उतरला नाही.
खरी भीती वेगळीच आहे. आबा शुद्धीत आहेत. डोळे चांगले आहेत. मला असा बघितल्यावर त्यांना काय वाटेल? आपण गेलोच, असंच ना?
रंगनाथचा फोन. "हायेत ना?" "आहेत." "बास मग."
स्टँडवर मास्क घेतला.

१३ डिसेंबर, शनिवार. सातारा
सुनंदाला काल घरीच दाखवलं. पदर तोंडाला लावून बसली. मग म्हणाली, "मास्क काढू नका." एवढंच.
हृदयाच्या दोन नळ्या बंद आहेत. सोमवारी फुगा घालून उघडणार. डॉक्टर म्हणतात, वय आहे, खात्री देता येत नाही.
आबा म्हणाले, "तोंडाला काय बांधलंस?" सर्दी म्हणालो. बापाशी खोटं बोललो, तेही या वेळी.

१४ डिसेंबर, रविवार
ओठावर खुंट आलेत. बोटाला लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. केस किती दिवसांत किती वाढतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार. दिसायला आठवडा, मिशी म्हणायला दीड महिना. माझ्याकडे एक दिवस आहे.
सकाळी रंगनाथ. "हायेत ना?" "आहेत." आज ते पुढे बोलले, "रोज दिवा लावतो त्यांच्यासाठी." मला रडू आलं.
संध्याकाळी आबांनी गालावरून हात फिरवला. चार दिवसांची पांढरी दाढी. "असा जाणार नाही मी आत. दाढी पाहिजे." नर्स म्हणाली, खालच्या सलूनमधून माणूस बोलावते. आबा म्हणाले, "माणूस कशाला? हा आहे की. एवढे ब्रश घेऊन गावोगाव हिंडतो, बापाची एकदा कर म्हणावं."
इतकी वर्षं मला वाटायचं, यांना माझं हे वेड आवडत नाही.
मग माझ्याकडे बघत म्हणाले, "ते फडकं काढून कर. श्वास कोंडतो तुझा, मला ऐकू येतो."
उद्या सकाळी सहाला दाढी करायला जायचंय. फुगा नऊला. वाटी घासून ठेवली. साबण, ब्रश, नवं ब्लेड. सुनंदा विचारते, मास्कचं काय करणार.