जुळ्या बहिणीचं रक्त

गुडगाव, १९९९

प्रिय अपू,

आमच्या नव्या बिल्डिंगला अजून लिफ्ट नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कौस्तुभ मला उचलून वर आणतो. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, मज्जातंतूंचा आजार; चालताना पावलं अडखळतात.

डॉक्टर म्हणाले, "हा आजार आपल्या लोकांत दुर्मीळ मानत होते. आता आम्ही जनुकांतला धोका शोधतोय. तुमच्या जुळ्या बहिणीचं रक्त मिळेल?"

"तिलाही होईल?"

"होईलच असं नाही. पण धोका बराच जास्त."

हे कळवायला बसले, तोच तुझा फोन आला. "उल्के, एका डोळ्याला धुरकट दिसतंय गं. चष्मा लागला बहुतेक."

माझंही डोळ्यापासूनच सुरू झालं होतं.

"चष्म्याचं राहू दे. इकडे ये."

"का गं?"

"आठवण येते."

हे पत्र आता पाठवत नाही. तू गाडीतून उतरशील तेव्हा मी आधी तुझी पावलं बघेन.

तुझीच,
उल्का