पन्नास नंबरचं पॅकेज

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ९.१०
आजपासून सिगारेट बंद.
आमचा प्रोग्रॅम रोज पॅकेज करून औषधांच्या दुकानांत जातो. शुक्रवारच्या पॅकेजचा नंबर ४८१२ होता, आजच्याचा ५०. आजवर प्रोग्रॅममध्ये झालेले बदल सर्व्हर मोजतो, तोच पॅकेजचा नंबर. तो वाढायला हवा. मागचा नंबर दुकानांतली मशिनं घेत नाहीत, म्हणजे प्लोवदिवमधल्या औषधवाल्यांना नवीन काहीच जाणार नाही. किरकोळ काम आहे. जेवणाआधी संपवतो.

दुपारी ४
पुन्हा ५०. एक ओढली. डोकं चालायला ती लागतेच.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
पॅकेज बनवणाऱ्या स्क्रिप्टला शेवटचा हात कोणाचा? कालिनाचा. नवी पोरगी, शुक्रवारी प्रोबेशन संपतंय. विचारलं तर म्हणाली, रादोस्तिनदादा, मी फक्त एक स्पेलिंग सुधारलं. सगळे असंच म्हणतात.

बुधवार, ५ नोव्हेंबर
आमच्या साहेब गेर्गिनोवाबाईंनी विचारलं, हे कोणाचं काम? म्हणालो, कोणाचं नाव घेणं माझ्या स्वभावात नाही. मग कालिनाचं घेतलं. बाई म्हणाल्या, मग तिला कायम करण्यात काय अर्थ? म्हणालो, तुम्ही ठरवाल ते. मला वाईट वाटलं असावं. चीज भरलेल्या दोन बानित्सा खाल्ल्या.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
कालिनाचा बदल काढून टाकला. आता सुटणारच.
५०.
ती म्हणाली, दादा, रोज नेमका पन्नासच कसा येतो? सर्व्हरची सेटिंग एकदा बघा ना. नाचता येईना, अंगण वाकडं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. संध्याकाळी ५
कालिना गेली. टेबलावरची कुंडी उचलली, सगळ्यांशी हात मिळवला. माझ्याशीही. मला काही वाटलं नाही. ऑफिसात शिस्त हवी.

सोमवार, १० नोव्हेंबर
५०. दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून सेटिंग बघितली. वेळ वाचावा म्हणून सर्व्हरने जुना इतिहास आणू नये, शेवटचे पन्नास बदल तेवढे आणावेत, असं कोणीतरी लावून ठेवलंय. आणतो पन्नास, मोजतो पन्नास.
लावणाऱ्याचं नाव रादोस्तिन. ३१ ऑक्टोबर, संध्याकाळ. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो.
सेटिंग काढली. ४८२६ आला. उद्या सकाळी बाईंना सगळं सांगायचं. नक्की.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. दुपारी १
बाईंनीच बोलावलं. सगळ्यांसमोर म्हणाल्या, बघ, पोरगी गेली आणि नंबर सरळ झाले. माणसांची पारख आहे तुला. तिच्या जागी कोणाला घ्यायचं तेही आता तूच ठरव.
मी बरं म्हणालो.