एका मिनिटाचं निवेदन आणि अकराशे पौंडांचा भोपळा

मिलर्स फोर्ड, पेनसिल्व्हेनिया
बुधवार, सप्टेंबरची अखेर

ती. वर्नाअक्कास,

धाकट्या हार्लनचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे वाकणं हल्ली कमरेपर्यंतच जमतं, बाकीचं समजून घ्यावंस.) तुझी प्रकृती कशी आहे? मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यानं आता स्पष्ट दिसतं ना? दिसत असेल तर हे पत्र सावकाश वाच, आणि लांबलं म्हणून शेवटचं पान न वाचता खणात टाकू नकोस, ती तुझी जुनी सवय आहे. इकडे सर्व क्षेम. आर्लीननं यंदा सफरचंदाच्या मुरंब्याच्या बावीस बरण्या भरल्या, त्यातल्या दोन तुझ्या नावानं वरच्या फळीवर ठेवल्यात (त्यातली एक मी उघडली आहे, पण ती चांगली आहे का हे कुणीतरी बघायलाच हवं होतं). ती तुझी रोज आठवण काढते. मी काही चुकीचं केलं की जास्त काढते.

शाळेत ते निवेदन शेवटी वाचलं गेलं का, असं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस. वाचलं गेलं. मीच वाचलं. हे ऐकून तुला आनंद झाला असेल तर तो जरा आवरून धर, कारण गोष्ट तिथे संपत नाही.

तुला आठवत असेल, वसंतात तू मला एक पुस्तिका पाठवली होतीस. तीत जिवाणूच्या शेपटीचं मोठं चित्र होतं, आणि ती शेपटी हुबेहूब माझ्या होडीच्या मोटरीसारखी होती. माझी मोटर कुणीतरी बनवलेली आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, कारण ती तळ्याच्या मधोमध बंद पडली की मी त्याच माणसाच्या नावानं बोटं मोडतो. मग जिवाणूची मोटर आपोआप झाली असं कसं म्हणायचं? हे मला पटलं, आणि मला एखादी गोष्ट पटली की मी ती फार तपासत नाही. म्हणून शाळा मंडळाच्या बैठकीत आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे डेल क्राउथरनं, ठराव मांडला तेव्हा मी हात वर केला. ठराव असा, की नववीच्या वर्गाला उत्क्रांतीचा धडा शिकवण्याआधी मुलांना एक छोटं निवेदन वाचून दाखवायचं: उत्क्रांती हा नुसता एक सिद्धांत आहे, त्याला भोकं आहेत, आणि सजीवांमागे कुणा बुद्धिमान रचनाकाराचा हात आहे असं मानणारेही विद्वान आहेत. वाचून झाल्यावर मुलांनी प्रश्न विचारायचे नाहीत आणि कुणी उत्तरं द्यायची नाहीत. ठराव पाच विरुद्ध चार मतांनी पास झाला. पाचवा हात माझा होता.

जीवशास्त्र शिकवते कोरिन हॅबेगर. लॉयड हॅबेगरची मुलगी, हो, तोच लॉयड, ज्यानं अकरा वर्षांपूर्वी जत्रेत नऊ पौंडांनी माझ्या भोपळ्यावर मात केली आणि मग माझा हात इतका वेळ हलवत राहिला की लोकांना वाटलं आमचा समेट झाला. तर या कोरिननं मंडळाला चार ओळींचं पत्र लिहिलं, की हे विज्ञान नाही, म्हणून विज्ञानाच्या तासाला मी हे वाचणार नाही, आणि तो तासही घेणार नाही. (मुलगी चर्चमध्ये दर रविवारी आर्लीनच्या मागच्या रांगेत उभी राहून गाते, तेव्हा तिला देवाधर्माचं काही नाही असंही म्हणता येईना.) मुख्याध्यापकांची पाठ त्याच आठवड्यात धरली. मग डेल म्हणाला की मंडळातल्याच कुणीतरी जाऊन वाचावं, आणि हार्लनचा आवाज भारदस्त आहे. अक्का, चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुणी आपला आवाज भारदस्त म्हटला की माणूस कुठेही जायला तयार होतो.

गेल्या गुरुवारी दहा वाजता मी टाय लावून वर्गात गेलो. कोरिननं मला अदबीनं खडू दिला, बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकली, दार उघडं ठेवलं आणि वह्या तपासत बसली. मी निवेदन वाचलं. मध्ये दोनदा खाकरलो, एकदा चष्मा पुसला. बावन्न सेकंदांत संपलं. तास पन्नास मिनिटांचा असतो. हे गणित आमच्या नऊ जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मोठ्या माणसाशिवाय वर्ग सोडायचा नाही असा शाळेचा नियम आहे, आणि तो दोन वर्षांपूर्वी मीच हट्टानं करून घेतलेला. तेव्हा मी तिथेच उभा. समोर तेवीस मुलं, सगळी माझ्या टायकडे बघतायत. शेवटी एका मुलीनं हात वर केला. टेसा लाँगनेकर, आमच्या पाद्रीबाबांचीच धाकटी. मी तिला सांगितलं की प्रश्न विचारायचे नाहीत असा ठराव आहे.

"निवेदनावर नाहीच विचारत," ती म्हणाली. "यंदाचा भोपळा किती भरेल?"

आता ठरावात भोपळ्याचा उल्लेख नव्हता, आणि तू मला ओळखतेस. मी खडू उचलला. आजोबांचा साठ पौंडांचा भोपळा फळ्याच्या वरच्या टोकाला काढला, त्याखाली बाबांचा एकशे नव्वदचा, त्याखाली माझे एकेक. बियांची पाकिटं आम्ही कशी ठेवतो ते सांगितलं: पाकिटावर भोपळ्याचं वजन, पुढे आडनाव, म्हणजे '९८७ ब्रुबेकर' म्हटलं की जिल्ह्यात कुणालाही कळतं कुठल्या घराण्याची बी. मादी फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं बांधून ठेवायचं, नाहीतर मधमाशी शेजारच्या ऐऱ्यागैऱ्या वेलाचा पराग आणून घालते. पहाटे दोरा सोडायचा, आपल्या पसंतीचं नर फूल घेऊन आत फिरवायचं, पुन्हा बांधायचं. हे करताना आर्लीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय म्हणते तेही सांगितलं, तेव्हा मुलं पहिल्यांदा हसली. दर वर्षी सगळ्यात मोठ्याची बी ठेवायची, बाकीचे डुकरांना. साठ पौंडांपासून आम्ही एक हजार सेहेचाळीसपर्यंत आलो, वाटेत गोल भोपळ्याचा बसलेल्या म्हशीसारखा आकार झाला, तोही आपोआप, तो कुणी मागितला नव्हता.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, म्हणजे बुद्धिमान रचनाकार तुम्हीच की. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी छाती काढून म्हटलं की अगदी बरोबर, निवडणारा असल्याशिवाय काही होत नाही. टेसा मात्र फळ्याकडे बघत होती.

"आणि निवडायला तुम्ही नसतात तर?" तिनं विचारलं.

"नव्हतोच की एकदा," मी म्हटलं. सतरा वर्षांपूर्वीची ती मे अखेरची थंडी तुलाही आठवत असेल. एका ओळीत माझी आठ रोपं होती आणि आठही रोपांवर सारखंच गोठवणारं दंव पडलं. सकाळी बघतो तर सात काळी पडलेली, एक उभं. तेही सगळ्यात कुरूप, जाड केसाळ पानांचं, मी ते उपटणारच होतो. त्याच्या भोपळ्याला जत्रेत सातवा नंबर मिळाला. पण आज माझ्याकडे जी बी आहे ती सगळी त्याच एका वेलाची आहे. त्याचा सगळा वंश थंडीला दाद देत नाही, इतरांपेक्षा तीन आठवडे जास्त वाढतो, म्हणून तर एवढे मोठे होतात. हे सगळं मी रंगात येऊन सांगितलं.

"मग तो कुणी निवडला?"

"दंवानं," मी म्हणालो. "दंव पडायला काय बोर्डाची परवानगी लागते?"

व्हरांड्यात वही मिटल्याचा आवाज आला. एका हातात खडू, दुसऱ्या हातात निवेदन, मागे फळ्यावर माझ्याच भोपळ्यांची वंशावळ, आणि अक्का, मी काय बोलून बसलो ते मला तेवीस मुलांच्या नंतर कळलं. मी घाईघाईनं म्हटलं की दंव कुणी पाठवलं हा प्रश्न राहतोच. टेसा म्हणाली, हो, तो मी बाबांना रविवारी विचारीन. इतक्यात घंटा झाली. कोरिन आत आली, फळा वरपासून खालपर्यंत वाचला. मला वाटलं आता ही मला टोमणा मारणार, लॉयडनं तर सोडलंच नसतं.

"मिस्टर ब्रुबेकर, हे पुसू नका," ती म्हणाली. "उद्या इथूनच पुढे शिकवते."

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर डेल घरी आला. भोपळ्याभोवती दोनदा फिरला, टेप लावली आणि म्हणाला की अकराशे चाळीसच्या खाली नाही, यंदा पहिला नंबर तुझाच. मग म्हणाला की पुढच्या आठवड्यात मंगळवारी कोरिनला कामावरून काढायचा ठराव येतोय, मंडळाचा हुकूम मोडला म्हणून. चार तिकडे, चार इकडे, राहिलास तू. निघताना म्हणाला की त्यानंतरच्या शनिवारी भोपळा जत्रेत न्यायला फोर्कलिफ्ट घेऊन मी नेहमीसारखा येतोच, मंगळवार नीट पार पडला की. डेल वाईट माणूस नाही. आर्लीन दवाखान्यात होती तेव्हा दोन आठवडे आमच्या दारातला बर्फ त्यानंच उपसला, आणि देवाचं काम करतोय अशी त्याची खरीच समजूत आहे. पण फोर्कलिफ्ट गावात एकच आहे, त्याचा, आणि अकराशे चाळीस पौंड मी आणि आर्लीन काही उचलून नेऊ शकत नाही.

तेव्हापासून मला झोप लागत नाही आणि आर्लीनला माझ्यामुळे लागत नाही.

एक सांगतो, रागावू नकोस. माझा विश्वास होता तसाच आहे. पहाटे दोरा सोडून ते पिवळं फूल उघडतो तेव्हा मला अजूनही वाटतं की हे कुणाच्या तरी मनात आल्याशिवाय झालेलं नाही, आणि ते मला कुठल्या पुस्तिकेत वाचून वाटलेलं नाही. पण वर्गात उभा होतो तेव्हा मला ते निवेदन आठवत नव्हतं, मला तू आठवत होतीस. मी सात वर्षांचा होतो, चर्चच्या तळघरात तू आम्हा लहान मुलांना बायबल शिकवायचीस. मी विचारलं होतं की पृथ्वीवर आदामाचं घर सोडून दुसरं घरच नव्हतं तर त्याच्या मुलाला, काईनला, बायको कुठून मिळाली. सगळी मुलं घाबरली. तू म्हणालीस, 'मला माहीत नाही, हार्लन. पण प्रश्न चांगला आहे,' आणि मला आल्याचं बिस्कीट दिलंस. सदुसष्ट वर्षं झाली. त्या दिवशी तू मला प्रश्न विचारायचे नाहीत म्हणाली असतीस तर मी आज चर्चमध्ये असतो की नाही कुणास ठाऊक. आणि मी, तुझा भाऊ, तेवीस मुलांसमोर उभा राहून नेमकं तेच वाचून आलो. मला त्याची लाज वाटते. आणि कोरिननं तर फक्त वाचायला नकार दिला.

तेव्हा मंगळवारी काय करावं याबद्दल तुझा सल्ला हवा आहे. तू वडीलधारी, तू सांगशील ती पूर्व दिशा. (तुझं उत्तर मंगळवारपर्यंत पोचणार नाही हे मला दिसतं आहे, तरी घाई करू नकोस.) मी अजून काहीच ठरवलेलं नाही, पूर्णपणे तटस्थ आहे, दोन्ही बाजूंचा शांतपणे विचार चालू आहे. भाचा मर्ल आणि त्याच्या मुलींना आशीर्वाद. डोळ्यात थेंब घालायला विसरू नकोस.

तुझा,
हार्लन

ता. क. मर्लच्या रोपवाटिकेत मोठी झाडं उचलायचा लोडर आहे ना? जत्रेच्या शनिवारी सकाळी सहापर्यंत तो इथे पोचेल असं बघ. सोबत रुंद पट्टे चार आणायला सांग, दोरखंड नको, साल कापते. डेलचा फोर्कलिफ्ट मंगळवारनंतर बहुधा मोकळा नसेल.

आणखी एक ता. क. मर्ल येऊन बघेलच, म्हणून आधीच कानावर घालतो. उन्हानं साल तडकू नये म्हणून भोपळ्यावर दिवसभर पांघरूण घालावं लागतं. आमच्या लग्नाला तू शिवलेली गोधडी त्याला अगदी मापात बसली. आर्लीनचा यात काही दोष नाही, तिला ऑगस्टमध्ये कळलं.

शेवटचं. आर्लीननं आत्ता हे पत्र माझ्या खांद्यावरून वाचलं आणि हसत सुटली. म्हणते, डेलची गाडी फाटकाबाहेर पडल्या पडल्या तिनं रविवारीच तुला फोन केला होता, आणि मर्ल पट्ट्यांसकट येतोय. तू म्हणालीस म्हणे, की हार्लन हात कुठल्या बाजूनं वर करणार ते मला ठाऊक आहे, पण त्याला सांगू नका, त्याचं त्याला ठरवू द्या. हे आधी कळलं असतं तर माझी सहा पानं वाचली असती. असो, आता लिहिलंच आहे तर टाकतो पेटीत. मर्लबरोबर थोडी आल्याची बिस्किटं पाठव.