मार्थाला खोटं सांगितलं
आरमोरी, २५ डिसेंबर २०२०

लाडक्या मार्था,

चंद्रपूरची बस बंद आहे, हे मी तुला खोटं सांगितलं. सकाळी ती माझ्या दारावरूनच गेली.

तीस वर्षं नाताळला मी चर्चच्या जेवणासाठी राबले. यंदा कोरोनामुळे ते रद्द झालं. तू घरी बोलावलंस, पण वाटलं, एकदा स्वतःपुरता सण करावा. तळ्यातली मासळी रांधली, नवी साडी नेसले, मोठ्यानं बेसूर गीतं म्हटली, अंगणात उन्हात बसून जेवले. सुख वाटलं गं.

मग तुझा फोन आला. "ताई, तू नाई आली म्हून मी चूलच नाई पेटवली. एकटीसाठी काऊन रांधू?"

फोन ठेवल्यावर घर खायला उठलं.

हे पत्र पाठवणार नाही. उद्या मीच येते. खरं सांगायचा धीर झाला तर सांगेन.

तुझीच ताई,
सुवार्ता