पुस्तकात नसलेलं घर

प्रिय भक्ती,

पुण्याला गेलीस अन् गावाला विसरलीस, म्हणून भांडणार होते. पण आज भांडायला वेळ न्हाई. शेजारचा परमेश्वर आज रातच्याला चुडावा स्टेशनावरून गाडी धरून तिकडं यायलाय, त्याच्या हाती हे पत्र देते. फोनवर माझ्यानं बोलवलं नसतं.

आपल्या गावाचा इतिहास छापायलेत. तुझे वडीलच, आबासाहेब, समितीचे अध्यक्ष. त्यात नावाजलेल्या घरांचं एक प्रकरण हाय. नवा रस्ता त्या घरांना वळसा घालणार, आड येणारी बाकीची पडणार. तुमचं दगडी घर हाय, एकदा तहसीलदार जेवला ते घरबी हाय! आमचं न्हाई. परवा ग्रामसभेत मंजुरी मिळाली की जेसीबी आलीच समज. माझ्या बाबांचं जेवणावरचं मनच उडालंय. दिवसभर मेंढरांमागं रानात बसून राहतात.

आमचंबी घर त्यात घ्या म्हणून मी आबासाहेबांना भेटले. म्हणाले, राजे, धनगराच्या घराला कसला आलाय इतिहास? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, तशीच घरी आले.

दसऱ्याला ते सोनं द्यायला सगळ्यात आधी आमच्या उंबऱ्यावर यायचे, आठवतं? गाव म्हणायचं, लय मोठ्या मनाचा माणूस! तुझी आजी गेली अन् ते येणं थांबलं. आपल्याला वाटलं, वय झालं.

अगं, तो नेम तुझ्या आजीनंच लावला होता. रझाकारांच्या धामधुमीत ती दिवस भरलेली बाई घर सोडून पळाली. कुणी दार उघडलं न्हाई. माझ्या आजीनं, भागुबाईनं, तिला आमच्या घरातल्या धान्याच्या रिकाम्या पेवात उतरवलं, वर मेंढरं बसवली. आबासाहेब त्या पेवात जन्मले. त्यांची नाळ आमच्या चुलीमागं पुरलेली हाय. धनगराच्या पेवात जन्मला म्हणून माझ्या लेकाला कुणी हिणवू नये, गप ऱ्हा, एवढंच तुझ्या आजीनं मागितलं. आम्ही गप राहिलो. आबासाहेबांना सगळं ठाऊक हाय, भक्ती. त्याचंच वाईट वाटतं.

परवा मी तो शब्द मोडणार. भर सभेत सांगणार. त्यांची मान खाली जाईल, तू कदाचित जन्मात माझ्याशी बोलणार न्हाईस. म्हणून आधी तुलाच कळवते. ते तुझं ऐकतात. तू ये. त्यांनी आपल्या तोंडानं सांगितलं, तर मी उठणारसुद्धा न्हाई. न्हाई आलीस, तर मात्र मी उठणार.

आज तरी तुझीच,
राजेश्री