ह्यांचं टूल, माझी बोटं

३ फेब्रु., पिपरी
सकाळी आर्वीहून निकिताचा फोन. ह्यांची जुनी विद्यार्थिनी, आता तिथल्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते. मशीनवर लिनक्स प्रणालीची नवी आवृत्ती टाकली, तिच्यासोबत डीएनएस सर्व्हरही नवा आला. ह्यांनी बनवलेलं टूल फक्त जुन्या सर्व्हरलाच ओळखतं. "सरांना विचारता का, काकू?"
म्हटलं, राहू दे गं. ह्यांना अर्धांगवायू होऊन आठ महिने झाले. उजवा हात चालत नाही, शब्द सापडत नाहीत. लॅपटॉप उघडलाच नाही त्यांनी.
हे खुर्चीत. सगळं ऐकलं.
"नाई काऊन म्हनलं? मले... मले विचार."

४ फेब्रु.
लॅपटॉप पुसला. किती धूळ! सर्व्हरच्या किचकट फायली हाताने लिहाव्या लागू नयेत, मराठीत फॉर्म भरला की झालं, म्हणून केलेलं टूल. वर्षानुवर्षं ह्यांची रोजची संध्याकाळ त्यात गेली. मी कधी आत डोकावले नाही. उलट चिडायची.
विचारलं, डीएनएस म्हणजे काय हो? दहा मिनिटं शब्द शोधत होते.
"हजेरी... तुह्या वर्गातली. नाव... नंबर."
म्हणजे माझ्या शाळेतल्या हजेरीपटासारखा, मशीनचं नाव सांगितलं की तिचा नंबर काढून देणारा? मान हलवली. हसले. एकाच बाजूने, पण हसले.

७ फेब्रु.
टूल नव्या सर्व्हरला जुळवायला घेतलं. हे सांगतात, मी टाइप करते. ह्यांना सध्या एकच शब्द पटकन येतो, कंस. अवतरण चिन्हही कंस, स्वल्पविरामही कंस. चार वाजता पुन्हा "कंस" म्हणाले. मी शोधतेय कुठे राहिला. चहा हवा होता.

१० फेब्रु.
वाईट दिवस. माझ्या चुकीने सरावाची अख्खी फाईल कोरी झाली. "नाई! नाई!" करत डाव्या हाताने टेबल आपटलं. मीही बोलले, मी काही इंजिनिअर नाही, शाळेत विज्ञान शिकवलं मी. मग लुंगीच्या टोकाने डोळे पुसताना दिसले. स्वयंपाकघरात गेले. वांगी करपली.
संध्याकाळी स्वतःच लॅपटॉपकडे बोट दाखवलं. आधी काय लिहायला लावलं? टूलने बदल करण्यापूर्वी जुन्या फायलीची नक्कल ठेवावी, ही पायरी.

११, १२
तेच. पाठ दुखते.

१५ फेब्रु.
निकिताकडे पाठवलं. अर्धं चाललं. प्रत्येक मशीनच्या नावापुढे कॉलेजचं नाव दोनदा लागतंय. मी सगळं वरून खाली वाचलं, दोनदा. काही दिसेना. हे पडद्याकडे वाकले. मग एका ओळीच्या टोकाशी बोट नेऊन ठेवलं.
"टिंब."
पूर्ण नावाच्या शेवटी टिंब नसलं तर सर्व्हरला वाटतं नाव अर्धवट आहे, आणि तो पुढचं स्वतःच जोडतो. टिंब लिहायचं मीच विसरले होते.
दुपारी निकिता. "काकू, चाललं! पूर्ण लॅब सुरू झाली! सरांना द्या ना फोन." हे नुसतं हं, हं करत राहिले. तिने फोन ठेवल्यावरही ह्यांच्या कानाला तो तसाच.

१८ फेब्रु.
निकिता म्हणते, आता हा बदल टूल वापरणाऱ्या सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाका, दुसरीकडेही नवा सर्व्हर आला आहे. तिने फोनवर पायरी पायरी सांगितलं. शेवटी एक चौकट : बदल करणाऱ्याचं नाव. मी ह्यांचं लिहिलं.
"नाई. तुह्यं."
"मी काय केलं? तुमी सांगितलं, मी टाइप केलं."
"तुह्यं लिही."
"टूल तुमचं आहे. लोक तुमाले ओळखतात."
डोळे मिटून बराच वेळ शब्द जुळवत बसले. आठ महिन्यांत इतकं लांब वाक्य ऐकलं नव्हतं.
"नाव... मोठेपनासाठी नाई. अडलं त... कोनाले विचाराचं... त्यासाठी."
मला कळलं, हे त्यांच्या माघारीचं बोलत होते. कळायला नको होतं.
"मले विचारलं त मी तुमालेच विचारीन," म्हटलं.
 ह्यांनी माझा हात धरून ठेवला, डाव्या हाताने, घट्ट.
ह्यांचं नाव खोडलं. माझं अजून लिहिलेलं नाही.